मुलांशी सावकाश बोलणारा टीव्हीवरचा शेजारी: कोण होते मिस्टर रॉजर्स?

सोशल मीडियावर गेली अनेक वर्षं एक फॉरवर्ड अधूनमधून डोकं वर काढतो. अमेरिकेत लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमात गाणी म्हणणारा, स्वेटर घालणारा एक साधासुधा माणूस होता. तो म्हणे तरुणपणी सैन्यात स्नायपर होता. त्याने अनेकांना टिपलं होतं आणि दंडावरचे टॅटू दिसू नयेत म्हणून तो कायम लांब बाह्यांचे स्वेटर घालायचा.

यातला स्वेटर तेवढा खरा आहे. बाकी सगळी अफवा. फ्रेड रॉजर्स कधीही सैन्यात नव्हते आणि त्यांच्या अंगावर टॅटूही नव्हते. त्यांचे ते चेनवाले स्वेटर त्यांच्या आईने हाताने विणलेले असायचे. त्यातला एक लाल स्वेटर १९८४ पासून वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे.

पण अशी अफवा पसरली का, हे समजण्यासारखं आहे. एखादा माणूस ३० वर्षांहून अधिक काळ टीव्हीवर इतक्या शांतपणे बोलतो, म्हणजे त्याने काहीतरी लपवलेलं असणारच, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात त्यांची खरी गोष्ट या फॉरवर्डपेक्षा जास्त रंजक आहे. टीव्ही आवडला नाही म्हणून टीव्हीत गेलेल्या माणसाची ती गोष्ट आहे. मुलांच्या हातातल्या मोबाइलवरून घराघरांत वाद होत असताना ती पुन्हा वाचण्यासारखी आहे.

श्रीमंत घरातला एकटा मुलगा

फ्रेड मॅकफीली रॉजर्स यांचा जन्म २० मार्च १९२८ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, लॅट्रोब या लहान शहरात झाला. पिट्सबर्ग हे पोलादाच्या कारखान्यांचं मोठं शहर तिथून जवळच. वडील उद्योजक होते, घरात पैशांची कमी नव्हती. कमी होती ती मित्रांची.

फ्रेड लठ्ठ होता, लाजाळू होता आणि वारंवार आजारी पडायचा. शाळेतली मुलं त्याला जाडेपणावरून चिडवायची, घरी जाताना मागे लागायची. मोठी माणसं सांगायची की लक्ष देऊ नकोस, तुला फरक पडत नाही असं दाखव. त्याला मात्र फरक पडत होता. दुखतंय तरी दुखत नाही असं वागायला का सांगतात, हा प्रश्न त्याच्या मनात राहिला. पुढच्या सगळ्या कामाचं मूळ इथे आहे.

एकटेपणात त्याला दोन सोबती मिळाले. एक पियानो आणि दुसऱ्या हातात घालून खेळवायच्या बाहुल्या. राग आला की तो पियानोवर काढायचा आणि मनातलं बोलायचं असलं की बाहुल्यांच्या तोंडून बोलायचा. हायस्कूलमध्ये मात्र चित्र पालटलं. मित्र मिळाले, तो विद्यार्थी परिषदेचा अध्यक्षही झाला. पुढे फ्लोरिडातल्या रोलिन्स कॉलेजमधून त्याने १९५१ मध्ये संगीताची पदवी घेतली. तिथेच पियानोवादक जोअ‍ॅन बर्ड यांच्याशी ओळख झाली आणि १९५२ मध्ये दोघांनी लग्न केलं.

टीव्ही आवडला नाही, म्हणून टीव्हीत

रॉजर्स यांना खरं तर धर्मशास्त्र शिकून पाद्री व्हायचं होतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी ते घरी आले, तेव्हा घरात नवा टीव्ही आला होता. त्यावर माणसं एकमेकांच्या तोंडावर पाय फेकून मारत होती आणि त्यालाच विनोद म्हटलं जात होतं. रॉजर्स यांना ते पाहून वाईट वाटलं. इतकं ताकदीचं साधन आणि त्याचा उपयोग माणसाचा अपमान करायला? त्यांनी घरच्यांना सांगितलं की आता आधी टीव्हीत काम करायचं.

न्यूयॉर्कला एनबीसी वाहिनीत त्यांना संगीताच्या कार्यक्रमांवर नोकरी मिळाली. सहायक म्हणून सुरुवात करून ते फ्लोअर मॅनेजर झाले. नोकरी मोठ्या वाहिनीतली आणि भविष्य उज्ज्वल. तरी १९५३ मध्ये ती सोडून ते पिट्सबर्गला परतले. तिथे डब्ल्यूक्यूईडी नावाचं नवं टीव्ही केंद्र उभं राहत होतं. ते जाहिरातींवर नाही, तर लोकांच्या वर्गणीवर चालणार होतं.

१ एप्रिल १९५४ रोजी हे केंद्र सुरू झालं. जोसी केरी यांच्यासोबत रॉजर्स यांनी 'चिल्ड्रन्स कॉर्नर' हा मुलांचा कार्यक्रम उभा केला. केरी कॅमेऱ्यासमोर आणि रॉजर्स मागे. ते ऑर्गन वाजवायचे, बाहुल्या हलवायचे, त्यांचे आवाज काढायचे. केंद्राच्या प्रमुख डोरोथी डॅनियल यांनी त्यांना एक वाघाची बाहुली भेट दिली होती. तिचं नाव ठेवलं डॅनियल. हा पट्टेरी वाघ घाबरट आणि लाजाळू होता, घड्याळात राहायचा. त्याच्या तोंडून बोलत होता तो लॅट्रोबचा लहान फ्रेडच.

या काळात ते जेवणाच्या सुट्टीत धर्मशास्त्राचे वर्ग करत होते. १९६३ मध्ये ते प्रेस्बिटेरियन चर्चचे पाद्री झाले. चर्चने त्यांना प्रार्थनामंदिर दिलं नाही. टीव्हीच्या माध्यमातून मुलांसाठी आणि कुटुंबांसाठी काम करावं, अशीच जबाबदारी सोपवली. कार्यक्रमात मात्र त्यांनी धर्माचा प्रचार केला नाही.

त्यांच्या अभ्यासाची दुसरी बाजू मानसशास्त्राची होती. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या बालमानसतज्ज्ञ मार्गारेट मॅकफार्लंड त्यांच्या गुरू. कार्यक्रमाची संहिता, गाणी, बाहुल्यांचे संवाद यांवर ते मॅकफार्लंड यांच्याशी नियमित चर्चा करायचे. हा क्रम १९८८ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत जवळपास ३० वर्षं चालला.

कार्यक्रमात असायचं तरी काय?

१९६३ मध्ये कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने रॉजर्स यांना टोरोंटोला बोलावलं. तिथले अधिकारी फ्रेड रेन्सबेरी यांनी त्यांना पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर आणलं. तिथे १५ मिनिटांचा 'मिस्टररॉजर्स' सुरू झाला. पुढे ते पिट्सबर्गला परतले आणि १९ फेब्रुवारी १९६८ पासून 'मिस्टर रॉजर्स नेबरहूड' अमेरिकाभर दिसू लागला.

अर्ध्या तासाच्या या कार्यक्रमाची सुरुवात ठरलेली असायची. रॉजर्स गाणं म्हणत दारातून आत यायचे. कोट काढून कपाटात ठेवायचे, स्वेटर चढवायचे, बूट काढून कॅन्व्हासचे बूट घालायचे. आवाज न करणारे हे बूट जुन्या कार्यक्रमापासूनची सवय. पडद्यामागे बाहुल्या घेऊन इकडून तिकडे पळताना पावलं वाजू नयेत, म्हणून ते घातले जायचे.

मग ते पाहणाऱ्या मुलाशी बोलायचे. गर्दीशी नाही, एकाच मुलाशी. एखादी वस्तू कशी बनते ते दाखवायचे. रंगीत खडूंच्या कारखान्याचा एपिसोड आजही लोकांच्या लक्षात आहे. मग एक छोटी ट्रॉली भिंतीतल्या बोगद्यातून कल्पनेच्या राज्यात जायची. तिथे राजा फ्रायडे होता, घुबड होतं, मांजर होती आणि डॅनियल होता. यातल्या बहुतेक बाहुल्यांचे आवाज रॉजर्स यांचेच.

ट्रॉलीच्या या वेगळ्या प्रवासामागे विचार होता. खरं जग आणि कल्पनेचं जग यांत लहान मुलांचा गोंधळ होऊ नये, म्हणून रॉजर्स स्वतः त्या राज्यात कधी दिसायचे नाहीत. ट्रॉली निघाली की मुलाला कळायचं, आता गोष्ट सुरू.

गाणी हा कार्यक्रमाचा कणा होता. रॉजर्स यांनी सुमारे २०० गाणी लिहिली, चाली लावल्या आणि गायली. त्यांचा आवाज मोठ्या गवयाचा नव्हता. पण गाण्यांचे विषय पाहा: राग आला तर काय करायचं, आईबाबा बाहेरगावी गेले तर परत येतात का, आंघोळीचं पाणी जातं तसं आपणही त्या भोकातून वाहून जाऊ का. मोठ्यांना हसू येईल अशी ही भीती लहान मुलाला खरी वाटते, हे त्यांना माहीत होतं. मागे पियानोवर असायचे जॉनी कोस्टा, कसलेले जॅझ वादक. चित्रीकरण सुरू असतानाच ते वाजवायचे. मुलांसाठी आहे म्हणून सोपं वाजवायचं, हे दोघांनाही मान्य नव्हतं.

आणि सगळं सावकाश. एकदा रॉजर्स यांनी १ मिनिट म्हणजे किती, हे दाखवायला स्वयंपाकघरातलं टायमर लावलं आणि कॅमेऱ्यासमोर मिनिटभर गप्प बसले. टीव्हीच्या धंद्यात हे दिवाळखोरीचं लक्षण मानलं जातं.

एकेका शब्दाची पारख

कार्यक्रम साधा दिसायचा, पण त्यामागची मेहनत साधी नव्हती. रॉजर्स संहितेतला प्रत्येक शब्द तपासायचे. त्यांच्या सहकाऱ्यांनी या भाषेला गमतीने 'फ्रेडिश' असं नावच दिलं होतं.

एक उदाहरण. एका एपिसोडमध्ये नर्स रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्यात हवा भरते. त्यासाठी तिने वापरलेल्या इंग्रजी शब्दाचा दुसरा अर्थ स्फोट करणं असा होतो. लहान मुलाला वाटेल, हातावर काहीतरी फुटणार. रॉजर्स यांनी तो शब्द बदलायला लावला.

असंच एका पत्रामुळे झालं. एका अंध मुलीने कळवलं की माशांना खायला घातलं की नाही, हे तिला समजत नाही. त्यानंतर रॉजर्स माशांना खायला घालताना ते तोंडाने सांगू लागले. एरवी कोणाच्या लक्षातही येणार नाही इतका छोटा बदल.

सहा मिनिटं आणि २ कोटी डॉलर

१९६९ मध्ये या सगळ्यावर संकट आलं. सार्वजनिक टीव्हीला सरकारकडून २ कोटी डॉलर मिळणार होते. व्हिएतनाम युद्धाचा खर्च वाढत होता आणि अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या सरकारला ही रक्कम निम्म्यावर आणायची होती.

१ मे १९६९ रोजी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. अध्यक्षस्थानी होते ऱ्होड आयलंडचे सिनेटर जॉन पास्टोरी. फटकळ म्हणून प्रसिद्ध. लांबलचक निवेदनं ऐकून कंटाळलेले. रॉजर्स यांचा कार्यक्रम त्यांनी पाहिलेला नव्हता.

रॉजर्स यांनी लिहून आणलेलं निवेदन बाजूला ठेवलं आणि सुमारे ६ मिनिटं ते कार्यक्रमात बोलतात तसेच बोलले. त्यांनी आकडेवारी मांडली नाही. मुलांच्या मनात राग असतो, भीती असते आणि ती बोलून दाखवता येते, सांभाळता येते, हे त्यांना शिकवता येईल, एवढंच मांडलं. शेवटी रागावर ताबा मिळवण्याच्या आपल्या गाण्याचे शब्द त्यांनी न गाता म्हणून दाखवले.

पास्टोरी यांनी आपल्या अंगावर काटा आल्याचं सांगितलं आणि २ कोटी डॉलर तुम्ही मिळवलेच, अशा अर्थाचं बोलून विषय संपवला. या सुनावणीचा व्हिडिओ आजही यूट्यूबवर पाहिला जातो.

एका टबात दोघांचे पाय

त्याच महिन्यात, ९ मे १९६९ च्या एपिसोडमध्ये रॉजर्स उन्हात प्लास्टिकच्या छोट्या टबात पाय बुडवून बसले होते. तिथून पोलिस अधिकारी क्लेमन्स चालले होते. रॉजर्स यांनी त्यांनाही पाय बुडवायला बोलावलं. क्लेमन्स बसले. मग दोघांनी एकच टॉवेल वापरला.

आज यात काय विशेष, असं वाटेल. पण ही भूमिका करणारे गायक फ्रान्स्वा क्लेमन्स कृष्णवर्णीय होते. अमेरिकेत अनेक ठिकाणी कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या पोहण्याच्या तलावात उतरू दिलं जात नव्हतं. १९६४ मध्ये फ्लोरिडातल्या एका मोटेलच्या तलावात कृष्णवर्णीय आंदोलक उतरले, तेव्हा मालकाने पाण्यात अ‍ॅसिड ओतलं होतं. रॉजर्स यांनी त्यावर भाषण केलं नाही. मुलांना फक्त एका टबातले चार पाय दाखवले.

पण ही गोष्ट इथेच थांबवली तर अर्धवट राहील. क्लेमन्स समलैंगिक होते. ते समलैंगिकांच्या बारमध्ये दिसल्याचं कळल्यावर रॉजर्स यांनी त्यांना स्पष्ट सांगितलं की हे जाहीर झालं तर कार्यक्रमात राहता येणार नाही. लग्न करण्याचाही सल्ला दिला. क्लेमन्स यांनी लग्न केलं, ते टिकलं नाही. माणूस जसा आहे तसा स्वीकारावा, असं रोज सांगणाऱ्या माणसाने हे सांगितलं. पुरस्कर्ते पैसे काढून घेतील, कार्यक्रम बंद पडेल, ही भीती त्यामागे होती. क्लेमन्स यांना ते लागलं, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितलं. रॉजर्स आपल्याला वडिलांसारखे होते, हेही त्यांनीच सांगितलं. १९९३ मध्ये दोघांनी टबाचा तो प्रसंग पुन्हा केला.

मृत्यू, घटस्फोट, युद्ध: मुलांसमोर?

जून १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली. टीव्हीवर तेच सुरू होतं आणि घरातली मुलंही ते पाहत होती. रॉजर्स यांनी घाईने एक विशेष कार्यक्रम केला. त्यात डॅनियल वाघ हत्या म्हणजे काय, असं विचारतो. १९७० मध्ये त्यांच्या टाकीतला एक मासा मेला, तेव्हा त्यांनी तो मुलांसमोर बाहेर काढला आणि बागेत पुरला.

१९७६ मध्ये त्यांनी नवे एपिसोड थांबवले. १९७९ मध्ये परतले ते आठवड्याला एक विषय घेऊन. १९८० च्या सुपरहिरोंच्या आठवड्यात त्यांनी 'हल्क' मालिकेच्या सेटवर जाऊन अभिनेत्याला हिरवा रंग कसा लावतात, ते दाखवलं. सुपरहिरोसारखी उडी मारायला निघालेल्या मुलांना पडद्यावरचं खोटं असतं, हे कळावं म्हणून. १९८१ मध्ये घटस्फोटावर आठवडा केला, १९८३ मध्ये युद्धावर.

जाहिरातींपासून मात्र ते लांब राहिले. आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्या मुलांना वस्तू विकणं त्यांना अयोग्य वाटायचं. १९८४ मध्ये बर्गर किंगने त्यांची नक्कल करणारी जाहिरात केली. रॉजर्स यांनी आक्षेप घेतल्यावर कंपनीने ती मागे घेतली.

'नंतर पाहू' हा हक्क

तुम्ही आज एखादा कार्यक्रम सोयीच्या वेळी पाहता, त्यातही रॉजर्स यांचा छोटा वाटा आहे.

सोनी कंपनीच्या बेटामॅक्स व्हिडिओ रेकॉर्डरवर लोक घरी टीव्हीचे कार्यक्रम टेप करू लागले होते. युनिव्हर्सल स्टुडिओ आणि डिस्ने यांनी सोनीवर खटला भरला. त्यांचं म्हणणं, ही कॉपीराइटची चोरी. बहुतेक निर्माते रेकॉर्डिंगच्या विरोधात असतील, अशीच अपेक्षा होती. रॉजर्स यांनी उलट साक्ष दिली. पालकांनी कार्यक्रम टेप करून मुलांसोबत सवडीने पाहिला तर चांगलंच, असं त्यांचं मत होतं.

१७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सोनीच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्रात रॉजर्स यांच्या साक्षीचा उल्लेख आहे.

शेवटचा एपिसोड

रॉजर्स यांची दिनचर्या पडद्यावरच्यासारखीच होती. पहाटे उठणं, प्रार्थना, पोहणं, मुलांच्या पत्रांना उत्तरं. ते शाकाहारी होते, दारू-सिगारेट नाही. १९९७ मध्ये एमी सोहळ्यात त्यांना जीवनगौरव मिळाला, तेव्हा त्यांनी सभागृहातल्या कलाकारांना १० सेकंद गप्प बसून, आपल्याला घडवणाऱ्या माणसांना आठवायला सांगितलं. ते स्वतः घड्याळाकडे बघत राहिले. कॅमेऱ्याने टिपलेल्या अनेकांचे डोळे भरले होते.

३१ ऑगस्ट २००१ रोजी शेवटचा नवा एपिसोड दाखवला गेला. तोपर्यंत एकूण सुमारे ९०० एपिसोड झाले होते. दोन आठवड्यांत न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवर हल्ला झाला. निवृत्त रॉजर्स पुन्हा कॅमेऱ्यासमोर आले आणि पालकांसाठी काही छोटे संदेश त्यांनी ध्वनिचित्रित केले. २००२ मध्ये त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. त्याच वर्षअखेरीस जठराच्या कर्करोगाचं निदान झालं. २७ फेब्रुवारी २००३ रोजी पिट्सबर्गच्या घरी त्यांचं निधन झालं. वय होतं ७४. २०१९ च्या 'अ ब्युटिफुल डे इन द नेबरहूड' या चित्रपटात टॉम हँक्स यांनी त्यांची भूमिका केली. डॅनियल वाघाचं कुटुंब आता अ‍ॅनिमेशन मालिकेत मुलांना भेटतं.

आज हे का वाचायचं?

कुठे स्फोट झाला, पूर आला की रॉजर्स यांचा एक सल्ला व्हायरल होतो. भीती वाटली तर मदतीला धावणाऱ्या माणसांकडे बघावं, हे त्यांना लहानपणी आईने सांगितलं होतं. पण हा सल्ला होता लहान मुलांसाठी. मोठ्यांनी तो शेअर करून थांबायचं नव्हतं, मदतीला धावणारी माणसं आपण व्हायचं होतं.

स्क्रीनबद्दलही तसंच. रॉजर्स यांनी टीव्ही बंद करा, असं सांगितलं नाही. ते स्वतःच टीव्हीवर होते. त्यांनी प्रश्न वेगळा विचारला: त्या पडद्यावरून मुलाशी कोण बोलतंय, किती सावकाश बोलतंय आणि मुलाला उत्तर द्यायला वेळ ठेवलाय का? आज संध्याकाळी मुलाच्या हातात मोबाइल दिलात तर हे ३ प्रश्न लावून पाहा. समोरच्या व्हिडिओमध्ये मिनिटभर शांतता सोडा, ५ सेकंद तरी सापडतात का, तेवढं मोजा. नाही सापडली, तर ती शांतता तुम्हालाच शेजारी बसून द्यावी लागेल.